शेवटच्या दृश्यापर्यंत जिवंत राहिलेल्या यमुनाबाई

यमुनाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांचा गळा कापण्याच्या निमित्ताने. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नागपूरचे एक दिग्दर्शक सानगडीच्या तलावावर स्वस्तातले व्हिडिओ भयपट काढत. मी साकोलीचा शिंपी. अंगाने धिप्पाड म्हणून मला खुनी केले. खांद्यावर घोंगडी, तोंडाला फडके आणि हातात लाकडी विळा, एवढ्यात आमचा खुनी तयार होई.

यमुनाबाई तिथल्याच ढिवर म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातल्या, बाजारात मासोळी विकणाऱ्या. त्यांच्या पात्राला नाव नसे, नुसते 'मच्छीवाली'. गोरी शहरी नायिका अखेरपर्यंत जगे आणि ढिवर, लाकूडतोडे, सावळी माणसे आधीच उडवली जात. आम्हाला ती रीतच वाटे.

बाईंचा स्वभाव मला त्याच दिवशी कळला. मोहल्ल्यातली लेकरे मला बघून पळाली, तेव्हा बाईंनी मला घरी नेले आणि आपल्या आईला, सखूबाईंना म्हणाल्या, "यानंच मले मारलं. वाढ याले." लेकरे माझ्या ताटात जेवायला येईपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही. मी अवघडून गेलो होतो, पण पोटभर जेवलो.

गावच्या व्हिडिओ हॉलमध्ये चित्रपट लागला की सारा मोहल्ला जाई. बाई पडद्यावर मेल्या की सखूबाई पदर सावरून उठत आणि त्यांच्यामागे सगळ्या बायका. आपले माणूस गेल्यावर तिथे बसायचे कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब. दोन चित्रपट असेच गेले. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी पाण्यात उतरायलाच नकार दिला.

"साहेब, मले पयले मारता, मंग आमची मानसं उठून जातात," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यायले बसवाचं असन तं मले जित्ती ठेवा. अन् नाव द्या."

मच्छीवालीला शेवटपर्यंत कोण बघणार, असे दिग्दर्शकांनी विचारले. बाईंनी टोपली उचलली आणि बाजार गाठला. चित्रीकरण अडले. मी मध्यस्थी करायला गेलो, तर मलाच मासोळी तोलायला बसवले. त्या तसूभरही हलल्या नाहीत. शेवटी दिग्दर्शक स्वतः बाजारात आले आणि कथा बदलली. पात्राचे नाव बाईंनी सुचवले, सखू. अखेरच्या दृश्यात सखू खुन्यावर जाळे टाकते आणि त्याला तलावात ओढते. माझ्या नाकातोंडात खरेच पाणी गेले, पण बाईंनी जाळे सैल केले नाही.

तो चित्रपट मी मोहल्ल्यासोबत बसून पाहिला. नायिका वाचली, सखूही वाचली. हॉलमध्ये कोणी जागचे हलले नाही. पडदा काळा झाला तरी सखूबाई बसून होत्या. मग म्हणाल्या, "चला आता. पोरगी घरी आली." माझे डोळे भरून आले होते, हे आज सांगायला हरकत नाही.

पुढे बाईंनी त्या भागातल्या कितीतरी मुलींना नाटकात आणि चित्रपटात उभे केले, आणि प्रत्येकीला नाव असलेलीच भूमिका मिळवून दिली.

बाईंना आज पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. माझेही वय झाले आहे. आम्हा दोघांत आधी मी जावे, त्यांनी मागे राहावे. तसे आमचे तलावावर ठरलेलेच आहे.