फाटकावरचा अर्धा तास

केजजवळच्या एका जिनिंगच्या फाटकावर सत्यशीलाबाई बारा-बारा तास बसतात. कापसाचे ट्रॅक्टर आत घ्यायचे, सुटीच्या वेळी बायांच्या पिशव्या तपासायच्या. बदलीला माणूस नाही. लघवीला जायचं तर वजनकाट्यावरच्या लखनला हाका मारायच्या, आणि तो येईपर्यंत पाणी प्यायल्याचा पस्तावा करायचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, नाहीतर तीन महिन्यांनी इन्सुलिनची सुई. याच साखरेपायी बाईंच्या आईचा पाय गुडघ्यातून काढला होता. पहाटे पाणी, भाकरी, सहाची जीप. घरी पोचायला अंधार. चालायचं तर ते इथंच, दुपारी.

म्हणून कामगारांच्या आरोग्याचं सर्वेक्षण करायला एका संस्थेची तेजश्री नावाची मुलगी आली, तेव्हा बाई हरखल्या. चांगलं खायची, व्यायाम करायची कुणाला किती इच्छा आहे, ते तिला मोजायचं होतं. ती वाक्य वाचणार, समोरच्यानं एक ते पाच आकडा सांगायचा.

"'मला मनापासून चालावंसं वाटतं.' किती?"

"पाच. पर ताई, फाटक सोडता येत न्हाई, ते कुठं लिवता?"

तेजश्रीनं पानं उलटीपालटी केली. "फाटकाचा प्रश्न नाही यात, मावशी."

"म्हंजी कावून चालत न्हाई, ते इचारायचंच न्हाई."

पोरगी ओशाळली, पण पुढचं वाक्य वाचलंच. बाईंनी सगळीकडे पाच सांगितले.

लखननं सगळीकडे एक. त्याचा हिशेब घरकुलाच्या यादीचा: ज्याचे गुण कमी, त्याला आधी मिळतं. बाई त्याला हसल्या. ती यादी गरिबीची होती, ही मनाची आहे, असं त्यांनी त्याला समजावूनही सांगितलं.

दहा दिवसांनी कागद लागला. ज्यांची इच्छा कमी, त्यांना गोडी लागावी म्हणून रोज कामाच्या वेळात चालायला अर्धा तास सूट. लखन चहाच्या टपरीपर्यंत चालू लागला. बाई मॅनेजर विजयसिंहांकडे गेल्या, तर त्यांनी कौतुकच केलं. सगळ्यात जास्त इच्छा तुमची, तुम्हाला सवलतीची काय गरज, म्हणाले.

"तुमी पास झाल्या, मावशी," टपरीवरून परतताना लखन म्हणाला. "नापास व्हायला बी लई अक्कल लागती."

दीड महिन्यानं तेजश्री परत आली. तोच फॉर्म. डॉक्टरांची मुदत निम्म्याहून जास्त सरली होती.

"'मला मनापासून चालावंसं वाटतं.' किती?"

"एक."

तिचं पेन थांबलं. "मागं तुम्ही पाच म्हणालात. खरं सांगा, मावशी."

"खरं मागल्या खेपंला सांगितलं की. आता एक लिवा."

तिनं खाली मान घालून लिहिलं.

सूट मंजूर झाली. कागदावर सही घेताना विजयसिंह म्हणाले, "चाला बिनघोर. फक्त फाटक सोडू नका. बदलीला माणूस नाही."

या खांबापासून त्या खांबापर्यंत अकरा पावलं. दुपारी बाई चालू लागल्या. चौथ्या फेरीला बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. त्यांनी फाटक उघडलं, नंबर लिहून घेतला, फाटक लावलं. किती फेऱ्या झाल्या होत्या ते काही आठवेना. त्या पहिल्या खांबाशी गेल्या आणि तिथून पुन्हा निघाल्या.