पहिलं बरं, की दुसरं?

माझ्या मावशीला जो कोणी 'बिचारी' म्हणेल, त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटतं. पहिली मामाच्या, दुसरी मामीच्या आणि तिसरी माझ्या स्वतःच्या. कारण हा शब्द आमच्या घरात आणला तो आम्ही तिघांनीच.

मावशी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एकतीस वर्षं झाली. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" यंत्र काय वाटेल ते सांगो, शेवटी नंबर ठरतो तो समोरच्याच्या जबानीवर. आणि गिऱ्हाइकं सर्रास खोटं बोलतात! बाईंना बरं वाटावं म्हणून "हो हो, आता छान दिसतंय" म्हणतात आणि आठ दिवसांनी डोकं दुखतंय म्हणून भांडायला येतात. असल्यांसाठी मावशीची एक युक्ती आहे. तेच भिंग दोनदा दाखवायचं. "दुसरं जास्त चांगलं" म्हणाला, की समजायचं, गडी तोंडदेखलं बोलतोय.

ती राहते मामा-मामींकडे. लग्न केलं नाही आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नाही. आठवडाभर ओटा मामीचा, रविवारी मावशीचा. मीही दर रविवारी जेवायला तिथेच. त्या दिवशी पुढ्यात काय येईल याचा नेम नसे. चिनी बाओ तर तिने दोन वर्षं घोटले. आत कोबी, मशरूम, आलं आणि कुटलेला अक्रोड, वाफेवर टम्म फुगलेले, प्रत्येकाला मोजून अठरा चुण्या. सतरा पडल्या की तो मामाच्या ताटात. गोडाच्या बाबतीत तर तिच्या अंगात पोरकटपणा संचारायचा. एकदा हाफ फ्राय अंडं म्हणून वाढलं. पांढरं ते दुधाच्या जेलीचं, पिवळा बलक म्हणजे अर्धं जर्दाळू. एकदा भांडी घासायच्या स्पंजसारखा केक केला, खाली पिवळा, वर हिरवा. मामीने तो उचलून बेसिनपाशी ठेवला आणि वर साबणही ओतला. मावशी हसून हसून जमिनीवर बसली होती.

आणि प्रत्येक पदार्थाच्या दोन तऱ्हा असायच्या. दोन वाट्या, खडूने एक आणि दोन लिहिलेल्या. "पहिलं बरं, की दुसरं?" दोन्ही छान म्हटलेलं चालायचं नाही. "पहिला दगड, दुसरा चिखल," असं मामा खुशाल म्हणायचा आणि तिला राग येण्याऐवजी हुरूप यायचा.

मग तिला तो ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. वर्ष झालं, काही आलं नाही. पण मावशी रडत बसणारी नव्हेच. एका रविवारी आम्हा तिघांना टेबलाशी बसवून म्हणाली, "माझी जीभ गेली, पण तुमच्या तीन आहेत. त्यांच्यावर माझं चालेल. फक्त खरं सांगा. ते नसेल तर मला ओट्यापाशी उभं राहण्यात अर्थ नाही."

इतकं स्वच्छ मागितलं होतं तिने. आणि आम्ही काय केलं? ती भांडी आवरत असताना मामाने आम्हाला गॅलरीत बोलावलं आणि कुजबुजला, "तिला काही बोलायचं नाही हं. बिचारीचं आधीच एवढं गेलंय." आम्ही माना डोलावल्या. केवढं ते मोठं मन आमचं! एका शहाण्या, हिमतीच्या बाईला आम्ही गॅलरीत उभ्या उभ्या कुचकामी ठरवून टाकलं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

त्यानंतर सगळंच छान. जळकं छान, अळणी छान. मामी तर डोळे मिटून "अहाहा" म्हणायला शिकली.

अशातच दुकानाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मालकाने छोटा समारंभ ठरवला. मावशी म्हणाली, खाण्याचं मी बघते, चाळीस बाओ करते. आदल्या रविवारी तिने आम्हाला नमुना दिला. आतला अक्रोड खवट झाला होता. पहिल्याच घासाला कळलं. मामीने माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे पाहिलं आणि मामा म्हणाला, "वा! हेच कर." आम्हाला ठाऊक होतं की ती त्याच डब्यातला अक्रोड वापरणार. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ठाऊक होतं.

समारंभात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मावशी मागे आवराआवर करायला गेली, तर कचऱ्याच्या डब्यात कागदी रुमालांत गुंडाळलेले बाओ. प्रत्येकाचा एकच लचका तोडलेला. फ्रेमा दाखवणाऱ्या बाई तिच्याबरोबर बारा वर्षं काम करतात. त्यांना तिने कोपऱ्यात गाठून विचारलं. त्या आधी कां-कूं करू लागल्या, मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, खवट होते. मला वाटलं, घरी कुणी सांगितलं असेल तुम्हाला."

हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा ते हाफ फ्राय केलं. दोन वाट्या, एक आणि दोन. मी दुसऱ्या वाटीत चमचा घातला आणि तोंडात टाकला मात्र, डोळ्यांत पाणीच आलं. नुसतं मीठ! घशाखाली उतरेना. समोर मामाच्या गळ्याची घाटी वरखाली झाली.

"पहिलं बरं, की दुसरं?" मावशीने विचारलं.

"दोन्ही अप्रतिम," मामा म्हणाला.

"मला दुसरं थोडं जास्त आवडलं," मामी म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती मला खरं बोलणारी पोर म्हणत आली होती. मी घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "दोन्ही छान आहेत गं."

"दुसऱ्यात साखर नाहीच आहे," ती शांतपणे म्हणाली. "मूठभर मीठ घातलंय."

मामा गडबडला. "अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"माझी जीभ तापाने नेली," मावशी म्हणाली. "तुमच्या तर तोंडात होत्या ना?"

तिने वाट्या उचलल्या, घासल्या, पुसून ठेवल्या. ती ओरडली असती, दोन भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं. मामा आजही म्हणतो, "आपला हेतू वाईट नव्हता." हेतू! ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तीन आठवडे तिने ओट्याला हात लावला नाही. चौथ्या रविवारी मी गेले तर मोदकपात्रासारख्या उंच भांड्यातून वाफ येत होती. तिने बाओ वाढले. विचारलं मात्र काहीच नाही. मी एक फोडला, घास घेतला. मीठच घालायचं राहिलं होतं. या वेळी मी ठरवलंच होतं.

"मावशी, सारण अळणी आहे. मीठ अजिबात नाही."

तिने हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. दुकानात गिऱ्हाइकाकडे पाहते तसं.

"खरंच अळणी आहे?" तिने विचारलं. "का मला बरं वाटावं म्हणून आता चूक काढतेयस?"

"खरंच गं," मी म्हणाले. शपथ घ्यावीशी वाटली, पण कोणत्या तोंडाने घेणार?

तिने दोन बाओ डब्यात भरले, झाकण लावलं आणि सोमवारी दुकानात त्या फ्रेमवाल्या बाईंना विचारायचं म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवून दिला.