तोतारामाच्या तळहातांचा रंग

धुळ्यात पांझरेकाठी तोताराम भावसार सूत रंगवीत असे. बत्तीस वर्षे लाल रंगाच्या कढईत त्याचे हात कोपरापर्यंत बुडाले. त्याच्या तळहातांची मूळ कांती बायकोने, द्रौपदाबाईने, कधी पाहिलीच नव्हती. देवापुढे तो हात जोडी, तेव्हा दोन जास्वंदी मिटल्यासारख्या तिला वाटत.

रंगाऱ्यांची एक पिढीजात समजूत होती. अंगात मुरलेला रंग घामातून, लघवीतून उतरतो. उतरला की काया निर्मळ! म्हणून पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत तोतारामाला लाल लघवी झाली, तेव्हा कढईवरचा जोडीदार झुलाल हसून म्हणाला, "आबा, तुमले तं आतूनबी रंग चढना." आतूनही रंग चढला, या थट्टेवर तोतारामही हसला. दुखत तर काहीच नव्हते. द्रौपदाबाई त्याची डागाळलेली धोतरे धुई, आणि उतरतो आहे एकदाचा, म्हणून मनोमन हरीचे आभार मानी.

मग वैशाखात अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. कढया आठ दिवस पालथ्या पडल्या, लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके लागले. आठव्या दिवशी धोतर पिळता पिळता द्रौपदाबाईचे हात थांबले. ओल्या हातांनीच ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"कढया तं बंद शेतस. मंग हाऊ लाल रंग कथाईन ई राहिना?"

रंग येतो कुठून, ते शोधायला दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी तीन सकाळींची ताजी लघवी मागवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात रक्त दिसले आणि बिघडलेल्या पेशी दिसल्या. मूत्राशयाचा कर्करोग. दुर्बीण घालून पाहिले, तो भिंतीपार गेलेला. हा रोग रंगाऱ्यांना फार गाठतो, असे डॉक्टर म्हणाले. पहिल्या डागालाच तपासले असते, तर गाठ काढून टाकता आली असती. द्रौपदाबाई एवढेच पुटपुटली, "डाग मीच धूत होते."

श्रावणात तोताराम गेला. शेवटच्या आंघोळीला तिने त्याची मूठ उलगडली. तीन महिने कढई शिवली नव्हती. तळहात लेकरासारखे गोरेपान झाले होते. किती सुंदर होते ते हात, देवा! तिने ते डोळ्यांवर धरले, आणि लोकांनी सोडवीपर्यंत सोडले नाहीत.

तेराव्याला झुलाल आला. मान खाली, हात लाल. द्रौपदाबाईने घासून, उकळून ठेवलेली काचेची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"सकायनी भरी ठेव, भाऊ," ती म्हणाली. "मी तुनासंगे दवाखानामा येसू."