संतोषच्या पिकअपला थंडी वाजते

गॅरेजवाल्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही राव, ते टोचन करून आपसूक दारात येतात. त्यात थंडी म्हणजे आमचा सीझन. गॅरेज तळवड्याला, इंद्रायणी हाकेच्या अंतरावर, सकाळी गारठा असा की पान्याला हात लावावासा वाटत नाही. चाकणला फर्स्ट शिफ्टच्या आत माल पोचवणाऱ्या पिकअप बऱ्याचशा आमच्याच भागातल्या. गाडी सुरू झाली नाही की फोन मला. इतकी वर्षं झाली धंद्यात, पण माणसं काय काय करतात ते बघून मी अजून हबकतो.

*

एकाने इंजिन गरम व्हावं म्हणून गाडीखाली चक्क शेकोटी पेटवली! जुनी पोती, चिंध्या, वरून थोडं डिझेल. मी पोचलो तर हा पठ्ठ्या उकिडवा बसून निवांत हात शेकतोय. शेजारी डिझेलची भरलेली टाकी. घमेल्याने माती टाकून जाळ विझवला आणि मग मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, सकाळी सकाळी चिडताय कशाला? तुम्हीपण शेकून घ्यायचं की."

*

निगडीचे एक काका त्याच्यापेक्षा सभ्य. ते रात्री इंजिनवर रजई पांघरायचे आणि सकाळी घडी घालून घरात न्यायचे. एकदा काढायची विसरले आणि सेल्फ मारला. मला फोनवर म्हणतात, गाडीतून कापूस उडतोय, हे कशाचं लक्षण?

जाऊन बघतो तर फॅनने सगळी रजई आत ओढलेली, बेल्ट तुटलेला, रेडिएटरची पार वाट लागलेली. मी डोक्याला हात लावून बसलो. काकांना गाडीचं काहीच नाही. हळू आवाजात विचारलं, "अख्खी निघेल का हो? हिच्या माहेरची आहे."

*

आमच्या शेजारच्या गाळ्यात गायकवाड इलेक्ट्रिशियन. माणूस सोन्यासारखा, पण गाडी कुठलीही आणा, त्याचं निदान ठरलेलं: बॅटरी. एकदा एक टेम्पो पंक्चर होऊन दारात उभा होता. हा चहाचा ग्लास घेऊन आला, लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी चेक केली का?"

त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं की बाबा, मी एक वेळ धंदा बंद करीन, पण न तपासता तोंडातून बॅटरी हा शब्द काढणार नाही.

*

आता संतोषची पिकअप. संतोष इथलाच, नदीकाठी जुनं घर. चाकणची फर्स्ट शिफ्टची ट्रिप आधी त्याचा थोरला भाऊ विजू मारायचा. मागच्या हिवाळ्यात चाकणला जाताना विजू धुक्यात उभ्या ट्रेलरवर आदळला आणि जागेवरच गेला. मग संतोषने दुसरी पिकअप घेतली, डॅशबोर्डवर भावाचा फोटो लावला आणि तीच ट्रिप धरली. घरात कमावता तो एकटाच.

यंदा थंडी पडली आणि गाडीने त्रास सुरू केला. मधूनच एखाद्या सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. त्याचे वडील आण्णा, कंपनीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. ते बाहेर येणार, संतोषला म्हणणार, तू जा, चहा घे, मी बघतो. तासाभराने ऊन आलं की त्यांच्या हाताने गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट. आणि ती आमच्याकडं आली की काय दोष काढणार? चालू गाडीत दोष शोधायचा म्हणजे हसणाऱ्या माणसाला कुठं दुखतंय विचारायचं.

मी हीटर प्लग बदलले. फिल्टर बदलला. गायकवाडने अर्थातच बॅटरी बदलली. आण्णा रोज गॅरेजला येऊन बसायचे, आमच्याबरोबर डोकं लावायचे. डिझेलात पाणी असंल, लाइनीत हवा धरत असंल, असं एकेक सुचवायचे. मी तेही सगळं केलं. गाडी काही ऐकेना, आणि माझी मात्र गावभर शोभा.

*

शेवटी संतोष रडवेला होऊन आला. माल देणाऱ्या पार्टीने स्पष्ट सांगितलं होतं की आता एकदा जरी फर्स्ट शिफ्ट चुकली तर ट्रिप दुसऱ्या गाडीला. मी म्हटलं, आता मीच सकाळी तुझ्या दारात येऊन उभा राहतो.

पहिल्या दिवशी गेलो तर कडाक्याची थंडी. आकाश मात्र स्वच्छ, चांदण्या दिसत होत्या. गाडी पहिल्या सेल्फला सुरू! मी चाट पडलो. एवढ्या थंडीत सुरू होते, मग बंद कधी पडते?

दुसऱ्या दिवशी थंडी बरीच कमी होती, पण नदीवरून धुकं असं चढलेलं की फाटकातून दार दिसेना. संतोषने सेल्फ मारला. फिरतोय, पकडत नाही. आण्णा म्हणाले, तू आत जा, चहा घे. मी म्हटलं, आज कुणी कुठं जायचं नाही, आणि डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडला.

डिझेलच्या पंपाला करंट देणाऱ्या फ्यूजची जागा रिकामी. उडालेला नव्हे, फ्यूजच नाही! मला वाटलं, चोरी. पण एवढासा फ्यूज कोण चोरणार? मी संतोषला म्हटलं, कुणीतरी हाताने काढलाय रे हा.

संतोष माझ्याकडं बघत नव्हता. तो आण्णांकडं बघत होता. आण्णांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता.

"आण्णा," संतोष म्हणाला, "आज चुकली तर ट्रिप जाईल."

"ट्रिप जाऊ दे," आण्णा म्हणाले. "धुकं हटू दे. मंग देतो."

माझं डोकंच फिरलं. रोज आमच्याबरोबर बसून फिल्टर, पाणी, हवा सुचवणारा हाच माणूस! भांडावं तर कुणाशी आणि काय म्हणून? गाडीचे हेडलाइट चालू होते, समोर नुसता पांढरा पडदा, आणि काचेच्या आत विजूचा फोटो.

संतोषने हेडलाइट बंद केले, खाली उतरला, आण्णांच्या शेजारी पायरीवर बसला आणि पार्टीला फोन लावला.

"साहेब, गाडी स्टार्ट होत नाहीये. थंडी लई आहे. खोटं वाटत असेल तर मेकॅनिक इथंच आहे, विचारा."

आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून साहेब तापलेले, नक्की काय झालंय ते सांगा म्हणाले.

मी म्हटलं, "बॅटरी, साहेब."

"किती वेळ लागेल?"

मी नदीकडं बघितलं. पलीकडचा काठ अजून दिसत नव्हता.

"ऊन पडू द्या," मी म्हटलं.