अॅम्प्लिफायरमागचं कापड

हे नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, पण मध्येच समजूत घालायला येऊ नकोस — मला चीड येते त्याची.

दिघीत आमचा साउंडचा धंदा. नवरा गाडी आणि ऑर्डरी बघायचा, धाकटा दीर विनायक मिक्सरवर बसायचा. आणि मी? इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वायरी गुंडाळायचे. विनायक चारचौघांत म्हणायचा, "वहिनी, तुमचं झालं की पंख्याखाली बसा निवांत." हसत म्हणायचा. ते हसणं — आजही आठवलं की दातओठ खाते मी.

मे महिना. भोसरीतल्या एका मंगल कार्यालयात कारखान्याच्या कामगारांचा मेळावा, भरदुपारी. ही ऑर्डर विनायकने स्वतः आणलेली, त्यामुळे ताठा आणखीच. अॅम्प्लिफायर स्टेजच्या मागे, पडद्याआड. आतली गरम हवा बाहेर फेकायला त्याला मागून पंखा असतो, तो मोकळा ठेवावा लागतो. भाषणं संपून गाणी सुरू झाली तेव्हा मी मागे गेले. डेकोरेशनचं जाड कापड त्या पंख्यावर घसरलेलं. मी ते काढलं नाही. तशीच निघून आले.

एवढंच? एवढंच असतं तर केव्हाच बोलून मोकळी झाले नसते?

कापड घसरलं नव्हतं. मी ओढलं. दोन्ही हातांनी ओढून, दुहेरी करून, जाळीवर दाबून बसवलं. मग पुढे येऊन खुर्चीवर बसले — आणि विनायकच्या पाठीकडे बघत राहिले.

आधी आवाज फाटला. मग बेसमधून धाडकन दणका, जळका वास, आणि सगळं बंद. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नवरा धावत मागे गेला, त्याला ते कापड दिसलं, आणि त्याने भर कार्यालयात भावाला झापलं. "मी बघितलं होतं दादा, कापड नव्हतं तिथं," विनायक पुन्हा पुन्हा सांगत होता. रडकुंडीला आला होता. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्यानंतर दोघा भावांचं जमलंच नाही. विनायक चाकणला एका कंपनीत शिफ्टवर लागला. मिक्सर माझ्याकडे आला — आणि मी तो त्याच्यापेक्षा चांगला चालवते, हेही ऐकून ठेव.

परवा घरी आला होता. खूप थकलेला दिसतो आता. बोलता बोलता नवऱ्याला म्हणाला, "दादा, तेव्हा माझंच लक्ष नसणार. मी नीट बघितलंच नसेल." इतक्या वर्षांत स्वतःलाच पटवून बसलाय! तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं मी. नवरा समोरच होता. मी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, "जाऊ द्या भाऊजी. मी तर तेव्हाच माफ केलं तुम्हाला."

त्याचे डोळे भरून आले. "वहिनी, तुमचं मन मोठं," म्हणाला.

मी ते ऐकून घेतलं.