घरी वाचते, शाळेत अडते

मंगळवारी तिसरीतल्या मुलांनी मला गप्प बसायला सांगितलं... आणि त्यांचं बरोबर होतं.

धुळ्यात आमच्या घराजवळ मनपाची शाळा आहे. माझी टॅक्सची कामं अकरानंतर सुरू होतात, म्हणून जूनपासून आठवड्यातल्या दोन सकाळी मी तिथे मदतनीस म्हणून जातो. वाचनात मागे पडलेल्या मुलांना जवळ बसवून वाचून घ्यायचं, एवढंच काम. मुलं मला 'काका सर' म्हणतात. मी सर नाही, हे दोनदा सांगून पाहिलं... आता सोडून दिलंय.

त्यातलीच एक भाविका. शनिवारच्या परिपाठात सगळ्या शाळेसमोर गोष्ट वाचायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. पण माझ्यासमोर वाचायला बसली की ओळीओळीला अडायची. मंगळवारी वर्गाच्या मॅडम हळूच म्हणाल्या, आज जमलं नाही तर गोष्ट दुसऱ्या कुणाला देऊ, उगाच तिचं हसं नको.

तिला सोडायला तिचे आजोबा येतात. त्या दिवशी गेटवर मी त्यांना विचारलं, "आबा, घरी सराव करते का?"

"तिले बठ्ठं येस," आबा म्हणाले. सगळं येतं, रोज मला वाचून दाखवते, असं सांगितलं. नातीचं कौतुक, म्हणून मी नुसती मान डोलावली.

वर्गात तिने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत थांबली, मी शब्द सांगितला. तिसऱ्या ओळीत थांबली, मी सांगितला. चौथ्या ओळीला तर तिने पुस्तक सोडून माझ्या तोंडाकडेच बघितलं... जरा वैतागूनच मी विचारलं, घरी येतं, मग इथे काय होतं?

ती ओळीवरचं बोट न उचलता म्हणाली, "आबांना वाचता येत नाही ना. ते मध्ये सांगत नाहीत."

शेजारी वाचायला बसलेला यश लगेच म्हणाला, "काका सर, तुम्ही पण तोंडावर बोट ठेवा."

ठेवलं. आणि तेव्हा कळलं, मुलं अडल्यावर मी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हतो. शेजारच्या वर्गातले पाढे ऐकत बसलो. भाविका अडली, ओळीच्या सुरुवातीला परत गेली, पुटपुटली... आणि पुढे सरकली. गोष्ट संपली तेव्हा फळा पुसता पुसता मॅडम वळून बघत होत्या. शनिवारी हीच वाचणार, म्हणाल्या.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. भाविका मधेच एका जागी थांबली. माझ्या ओठांवर शब्द तयार होता, तो गिळला. तिने श्वास घेतला आणि वाचला. पुढची सगळी गोष्ट एका दमात.

ती माझ्यामुळेच अडत होती असं म्हणणं, म्हणजे पुन्हा स्वतःला मोठं करणंच झालं. पण अडलेल्याला शब्द पुरवताना मला छान वाटायचं, एवढं मात्र खरं. त्या छान वाटण्यालाच मी मदत समजत होतो का, हा प्रश्न चार दिवस डोक्यात आहे.

जूनपासून तिला मी शिकवतोय असं समजत होतो. तिचं ऐकून घेणारा माणूस रोज गेटपर्यंत येऊन परत जात होता... आबा, तुमचे आभार.