खुर्ची भरली, माइक बंद

"आजपासून पॅनेल फिफ्टी-फिफ्टी," सक्सेना सर म्हणाले आणि संध्याकाळच्या डिबेटचा कागद माझ्या टेबलावर टाकला. "चार गेस्ट में दो महिला. मालिक का ऑर्डर है."

दुपार उलटून गेली होती. विषय होता वाढलेले वीजदर. चारही गेस्ट सकाळीच ठरले होते आणि चारही पुरुष होते.

"सर, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?" मी विचारलं.

"तब टाइम नहीं था वंदना. अब टाइम है."

हे तेच सक्सेना सर. मी बायकांची नावं सुचवायची आणि ते म्हणायचे, महिला आई तो शो ठंडा. इनपुट हेडची, म्हणजे बातम्या आणि गेस्ट आणणाऱ्या आमच्या विभागाच्या प्रमुखाची, जागा रिकामी झाली तेव्हा माझ्या ज्येष्ठतेकडे बघायलाही त्यांना टाइम नव्हता. दिल्लीहून एक माणूस आणून बसवला. तो अजून मलाच विचारतो की बीरगांव रायपूरच्या कुठल्या बाजूला आहे.

असो. मी रायपूरच्या एका हिंदी न्यूज चॅनेलमध्ये गेस्ट को-ऑर्डिनेटर आहे. टीव्हीवर भांडायला जी माणसं बसलेली दिसतात, त्यांना गोळा करणं हे माझं काम. या आधी मी भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रक बुक करत होते. फरक फारसा नाही. दोन्हीकडे शेवटच्या क्षणी कोणीतरी फोन बंद करतो आणि दोन्हीकडे घासाघीस करावी लागते.

आधी सत्ताधारी पक्षाच्या मीडिया सेलला फोन लावला. प्रवक्ता कोण पाठवायचा हे तो सेल ठरवतो.

"भैया, तुमचा माणूस बदला. तुमच्या प्रवक्त्या नीलिमाजींना पाठवा."

"दीदी, बिजली पे महिला?" तो हसला. "तीज के त्योहार पर भेज दूँगा ना. महिला सुरक्षा पर करो, दो भेजता हूँ."

"तुमच्या घरी वीज काय फक्त पुरुष जाळतात?"

"गुस्सा मत करो दीदी."

"रागावले नाही. सांगून ठेवते. विरोधकांनी त्यांची बाई पक्की केली आहे. तुमची आली नाही तर तुमच्या पक्षाची खुर्ची रिकामी ठेवून पूर्ण शो दाखवू."

विरोधकांनी काहीही पक्कं केलं नव्हतं. मी त्यांना फोनच केला नव्हता. पण अर्ध्या तासाच्या आत नीलिमाजींचा होकार आला. या धंद्यात पहिला होकार असाच काढावा लागतो, दुसरा त्याच्या जोरावर मिळतो.

दुसरा अवघड होता. विरोधी पक्षाकडे वीजदरावर बोलू शकेल अशी एकच बाई मला माहीत होती, दमयंतीताई. आमच्यातल्याच, रायपूरच्या जुन्या मराठी घरातल्या. वकील. बीरगांवच्या कामगारांच्या केसेस लढतात. पण आमच्या चॅनेलचं नाव काढलं की फोन ठेवायच्या. मागच्या वेळी त्यांना घरून व्हिडिओवर घेतलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांची चौकट शोभर दिसत राहिली. बोलायला मिळालं ते सुरुवातीचं 'नमस्कार' आणि शेवटचं 'धन्यवाद'.

"काहून फोन केला वंदना?" त्या म्हणाल्या. "पुन्हा एखादी चौकट रिकामी राहून गेली का?"

"ताई, या वेळी अर्ध्या बायका आहेत. मालकांची ऑर्डर आहे."

"खुर्ची देऊन राहिली तू मले. खुर्चीचं काय करू? माझ्या घरी हायेत खुर्च्या. फेडर कोणाच्या हातात हाय ते सांग."

इथे फेडर समजून घ्यायला हवा. प्रत्येक गेस्टचा आवाज एका सरकणाऱ्या बटणावर असतो. बटण वर, आवाज वर. ते कंट्रोल रूममध्ये साउंडवाल्याच्या बोटाखाली असतं. सगळे एकदम बोलायला लागले की त्याची सवय एकच असते, जो जास्त ओरडतो त्याचं बटण वर, बाकीचे खाली. कोणी सांगायला लागत नाही. बाई ओरडली नाही तर ऐकू येत नाही आणि ओरडली तर दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ 'देखिए मैडम भड़क गईं' म्हणून फिरतो.

"पहिलं उत्तर तुमचं पूर्ण होईल," मी म्हटलं. "माझा शब्द."

"तुझा शब्द त्या खोलीत चालते का?"

माझं डोकं सणकलं. "ताई, भनपुरीत माझ्या शब्दावर ट्रकवाले माल उचलायला नागपूरपर्यंत रिकामे जायचे. माझ्या शब्दाला काय झालं?"

"तुझ्या शब्दाले काही नाई झालं. ऐकणाऱ्याईले झालं हाय." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दुसरी बाई कोण?"

"नीलिमाजी."

"तिचा नंबर दे."

हे नियमात बसत नाही. समोरासमोरच्या गेस्टना शोच्या आधी एकमेकांचा नंबर द्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. आधी बोलणं झालं की भांडणाची धार जाते. म्हणून मीही अट घातली.

"नंबर देते. पण तुम्ही घरून नाही, स्टुडिओत यायचं."

"येतो. गाडी पाठव."

सौदा झाला. बाई माझ्याहून पक्की निघाली, कारण गाडी मी देऊ केली नव्हती.

फोन ठेवल्यावर मात्र मी हिशेब केला. माझ्याकडे पद नाही, स्क्रीनवर नाव येत नाही. लोक येतात ते वंदनाने सांगितलं म्हणून. ताईंचं बोलणं पुन्हा तुटलं असतं, तर त्यांनी कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये बसून दहा जणींना सांगितलं असतं आणि माझ्या फोनला रायपुरात कोणी किंमत दिली नसती.

शो सुरू झाला तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये साउंडवाल्या पटेल भैयांच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर चार चेहरे, दोन बायका, दोन पुरुष. सक्सेना सरांनी लगेच फोटो काढून मालकांना पाठवला. त्यांचं फिफ्टी-फिफ्टी तिथे पूर्ण झालं होतं.

पुरुषांमध्ये एक उद्योजकांचे प्रतिनिधी होते, स्वभावाने गरीब माणूस. दुसरे दुबेजी. कागदावर राजकीय विश्लेषक, प्रत्यक्षात घशाचे पैलवान. ताईंनी बीरगांवच्या भाड्याच्या खोल्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. एका मीटरवर चार कुटुंबं, आणि दर वाढला की घरमालक प्रत्येकाकडून किती जास्त घेतो. दुसऱ्याच वाक्याला दुबेजी मध्ये घुसले. पटेल भैयांचं बोट आपोआप दुबेजींच्या बटणावर गेलं. ताईंचे ओठ हलताना दिसत होते, आवाज गेला होता.

ताई थांबल्या. ओरडल्या नाहीत.

अँकरने सवयीने नीलिमाजींकडे मोर्चा वळवला. "नीलिमाजी, आप पर सीधा आरोप है, जवाब दीजिए!"

नीलिमाजी शांतपणे म्हणाल्या, "जरूर दूँगी. पहले इनकी बात पूरी हो जाए." आणि हाताची घडी घालून बसल्या.

दुबेजी ओरडतच होते. पण ओरडत राहायला समोरूनही कोणीतरी ओरडायला हवं. दोघी नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या. उद्योजकही पाणी प्यायला लागले. दुबेजींचा आवाज हळूहळू एकटा पडला. "तो... मतलब... मैं यही कह रहा था," म्हणून ते थांबले.

आणि स्टुडिओत शांतता पसरली. लाइव्ह टीव्हीवर शांतता म्हणजे डेड एअर. आमच्याकडे आग लागली तरी लोक एवढे घाबरत नाहीत.

"ब्रेक लो! ब्रेक!" सक्सेना सर ओरडले. अँकरच्या कानात आवाज जातो त्या टॉकबॅकच्या बटणाकडे त्यांचा हात गेला. ब्रेक गेला असता तर परत आल्यावर प्रश्न दुसराच निघाला असता. ताईंचं उत्तर तिथेच संपलं असतं.

मी मध्ये उभी राहिले. "ब्रेक नाही. पटेल भैया, दमयंतीजींचं वर करा, बाकी सगळ्यांचं खाली."

"तुम कौन होती हो?" सक्सेना सर.

"जिसने उन्हें ज़बान दी है. ब्रेक घेतला तर उद्यापासून गेस्ट तुम्हीच आणा. बायकासुद्धा."

पटेल भैयांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "सर, गेस्ट तो दीदी ही लाती है," आणि बोट सरकवलं.

कानात ब्रेक आला नाही, तसं अँकरने ताईंना खूण केली. जणू मधे काही झालंच नाही अशा थाटात ताई तुटल्या वाक्यापासून बोलल्या. पूर्ण बोलल्या. त्या संपल्याबरोबर नीलिमाजींनी ताईंच्या पक्षाच्या काळातलं वीजखातं असं काही उघडं पाडलं की मी मनात दाद दिली. दुबेजी तिथेही घुसले. आता ताई गप्प बसल्या, हाताची घडी घालून. विरोधी पक्षाची बाई सत्ताधारी बाईचं वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहत बसली, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि शो थंड झाला नाही. उलट पहिल्यांदाच भांडण कशावरून चाललं आहे ते कळत होतं. शेवटी तर ते गरीब उद्योजकही बोलले, आणि चांगलं बोलले.

गाडीत बसवताना मी ताईंना विचारलं, "फोनवर काय ठरवलं तुम्ही दोघींनी?"

"काही नाई. मी म्हटलं, तुले माझ्या पक्षाले फाडायचं तेवढं फाड. फक्त माझं बोलणं तोडलं कोणी, तर त्या जागेत तू शिरू नको. ती म्हणे, माझ्याही वेळी तसंच पाहिजे. झालं."

"एवढंच?"

"सौदा लहान असला का टिकते, वंदना. तुले तर मालूम पाहिजे."

मला सौदे शिकवणारी माणसं फार कमी भेटली आहेत. त्यांच्यावर मी सहसा चिडते. त्या दिवशी चिडले नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सक्सेना सरांनी सांगितलं की 'एक समय, एक माइक' असा नवा फॉरमॅट त्यांनी आणला आहे. मालकांनी शाबासकी दिली. दिल्लीवाल्याने टाळ्या वाजवल्या. माझं नाव निघालं नाही, ते निघत नसतं. दुपारी मात्र सत्ताधारी मीडिया सेलचा स्वतःहून फोन आला. "दीदी, नीलिमाजी कह रही हैं, तीज वाले शो में नहीं जाएँगी. बजट पर बुलाओ."

भनपुरीत एक गोष्ट शिकले होते आणि टीव्हीत येऊन विसरले होते. ट्रक बुक झाला म्हणजे माल पोचला असं नसतं. खुर्ची भरली की आमचे लोक बुकिंग मोजतात. मी आता डिलिव्हरी बघते, बोलणं पूर्ण झालं की नाही. त्यासाठी दोन बायका गेस्ट असल्या की त्यांना एकमेकींचा नंबर मीच आधी देऊन ठेवते.

सक्सेना सरांना हे अजून माहीत नाही. कळलं, तर तीही त्यांचीच कल्पना होईल.